पेशीत शिरलेले सोने

निर्गम पुस्तकाच्या बत्तिसाव्या अध्यायातील एक प्रसंग प्रवचनांतून फारसा ऐकू येत नाही. सोन्याचे वासरू घडवून त्याची पूजा करणाऱ्या इस्राएल लोकांवर मोशे संतापला. त्याने ते वासरू अग्नीत जाळले, कुटून त्याची पूड केली, ती पाण्यावर टाकली आणि ते पाणी लोकांना प्यावयास लावले. मोशेला तेथे कोणाला औषध द्यायचे नव्हते. परंतु सोने माणसाच्या पोटात गेल्याचा हा फार जुना लिखित उल्लेख होय, आणि पुढे युरोपातील किमयागारांनी तर मोशेलाच आपल्या विद्येचा आद्य गुरू ठरवून टाकले. त्या किमयागारांपासून निघालेली वाट अनेक वळणे घेत आज आमच्या बेलपाड्याच्या शेजारी, खारघरच्या टाटा केंद्राच्या प्रयोगशाळेपर्यंत येऊन पोहोचली आहे. सोन्याचे अतिसूक्ष्म कण शरीरात सोडावेत, त्यांनी कर्करोगाची गाठ कुठे आहे ते दाखवावे, आणि बाहेरून टाकलेल्या प्रकाशाने तापून ती गाठ जाळावी, असा प्रयत्न तेथे झाला. ही वाट कशी आली आणि तिच्यात खरे अवघड काय होते, ते प्रस्तुत लेखात सांगण्याचा आमचा विचार आहे.

मध्ययुगात सोने हे केवळ संपत्तीचे नव्हे, तर अविनाशीपणाचे चिन्ह होते. जे गंजत नाही, सडत नाही, ते देहात गेले तर देहही सडणार नाही, असा तो साधा तर्क. चौदाव्या शतकात रुपेसिसा येथील योहान नावाचा एक फ्रान्सिस्कन बंधू आव्हिन्यो येथील परमगुरूंच्या बंदिवासात होता. तेथे बसून त्याने मद्यार्क आणि सोने यांच्या योगाने आयुष्य टिकविण्याविषयी ग्रंथ लिहिला. गंमत अशी, की त्याच आव्हिन्योहून पोप बाविसावे योहान यांनी १३१७ च्या सुमारास किमयागारांविरुद्ध आज्ञापत्र काढले होते. आपल्याजवळ नसलेल्या श्रीमंतीची वचने हे लोक इतरांना देतात, हा त्यांचा आक्षेप. ख्रिस्तसभा विज्ञानाच्या आड आली असे म्हणणाऱ्यांनी हे आज्ञापत्र मुळातून पाहावे. ते ज्ञानाविरुद्ध नाही, खोट्या वचनांविरुद्ध आहे. या मुद्द्याकडे आम्हाला लेखाच्या शेवटी परत यावयाचे आहे.

आपल्याकडे रसशास्त्रात सुवर्णभस्माची परंपरा आहेच. सोन्याला पुनःपुन्हा पुटे देऊन त्याची इतकी बारीक पूड करतात की आज इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात नॅनो आकाराचे कण दिसतात. यावरून ‘आमच्या पूर्वजांना नॅनो तंत्रज्ञान अवगत होते’ असे म्हणण्याची हौस अलीकडे वाढली आहे. आमच्या मते वैद्यांच्या हातातील कौशल्याला आदर द्यावा, पण कण बारीक असणे आणि औषध गुणकारी असणे या दोन गोष्टी एक मानू नयेत.

असाच एक गोड गैरसमज आपल्या चर्चच्या खिडक्यांविषयी आहे. युरोपातील जुन्या महामंदिरांच्या काचांतील लाल रंग सोन्याच्या कणांचा, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले असते. मध्ययुगातील त्या लाल काचा बहुतांशी तांब्याच्या होत्या. सोन्याची माणिकासारखी लाल काच पद्धतशीरपणे करणे जमले ते सतराव्या शतकात, जर्मनीत, योहान कुंकेलच्या हातून. मात्र चौदाव्या शतकापासून संतांच्या प्रभावलयासाठी आणि केसांसाठी जो पिवळा रंग काचेवर चढवीत, तो खरोखरच चांदीच्या सूक्ष्म कणांचा होय. त्याहूनही जुना नमुना हवा असेल तर ब्रिटिश म्युझियममधील चौथ्या शतकातील रोमी चषक पाहावा. बाहेरून प्रकाश पडला तर तो हिरवा दिसतो, आत दिवा ठेवला तर लाल. त्या काचेत सोने आणि चांदी यांचे कण आहेत.

सोने पिवळे असताना त्याचे कण लाल का? याचा शोध मायकेल फॅरडे यांनी घेतला. विजेच्या संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले हे गृहस्थ सँडेमनियन नावाच्या एका छोट्या प्रॉटेस्टंट पंथाचे वडीलजन होते. १८५७ साली त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सोने आणि प्रकाश यांच्या संबंधावर व्याख्यान दिले. सोन्याच्या क्षाराचे द्रावण आणि फॉस्फरस यांपासून त्यांनी माणकासारखे लाल पाणी तयार केले होते, आणि या पाण्यात सोने विरघळलेले नाही, तर अत्यंत बारीक कणांच्या रूपाने तरंगत आहे, असे त्यांनी ओळखले. कण त्यांना दिसले नाहीत. पाण्यातून प्रकाशाची शलाका नेली असता ती धूसर उजळते, एवढ्यावरून त्यांनी ते ताडले. त्यांच्या हातच्या बाटल्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपून ठेवलेल्या आहेत. पुढे १९०३ साली रिचर्ड झिग्मोंडी आणि हेन्री झीडेनटोप्फ यांनी अतिसूक्ष्मदर्शक बनविला, तेव्हा ते कण चमकत्या ठिपक्यांच्या रूपाने दिसू लागले. झिग्मोंडींना रसायनशास्त्राचे १९२५ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे मापाविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपल्या रक्तातील तांबडी पेशी सुमारे सात हजार नॅनोमीटर रुंद असते. फॅरडेंच्या बाटलीतील कण काही नॅनोमीटरपासून काही दशक नॅनोमीटरपर्यंतचे. एवढ्या लहान कणात धातूतील मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या लाटेबरोबर झुल्यासारखे मागेपुढे हेलकावतात. ज्या रंगाच्या लाटेशी त्यांचा ताल जुळतो तो रंग कण शोषून घेतो. लहान गोल कणाचा ताल हिरव्या प्रकाशाशी जुळतो, म्हणून उरलेले पाणी लाल दिसते. शोषलेला प्रकाश अखेर उष्णता होतो. कणाचा आकार बदलला की ताल बदलतो. पुढील सारी कथा या गुणावर उभी आहे.

रुग्णालयात मात्र सोने शिरले ते निराळ्याच दाराने. १८९० साली रॉबर्ट कॉख यांनी सोन्याचा एक क्षार क्षयाच्या जंतूंना काचपात्रात मारतो असे सांगितले. त्या आशेवर १९२४ पासून डेन्मार्कच्या होल्गर म्योलगार्ड यांचे सॅनोक्रायसिन हे सोन्याचे इंजेक्शन क्षयरोग्यांना देण्याची जणू लाट आली. अखेर अमेरिकेत डेट्रॉइटजवळ अँबरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २४ रुग्णांचे १२–१२ चे दोन सारखे गट केले, कोणत्या गटाला सोने द्यावयाचे हे नाणे उडवून ठरविले, आणि दुसऱ्या गटाला नुसते पाणी टोचले. १९३१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सोन्याने क्षय बरा होत नव्हता, उलट शरीराला अपाय होत होता. या नाण्याच्या प्रयोगाला वैद्यकाच्या इतिहासात फार मोठे स्थान आहे, आणि ते योग्यच आहे. हजारो वर्षांच्या सुवर्णमोहाची परीक्षा एका नाण्याने घेतली. सोन्याचे क्षार पुढे सांधेदुखीवर काही काळ उपयोगी पडले, तो भाग येथे सोडून देतो.

आता पेशीकडे वळू. पेशी ही बंद खोली नाही. तिचे आवरण सतत आत वळत असते, बाहेरचा थेंब, प्रथिनाचा तुकडा वा कण यांना पिशवीत गुंडाळून आत ओढीत असते. फॅरडेंच्या व्याख्यानानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९५७ साली, अमेरिकेतील सेंट लुइस येथे हारफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्करोगाच्या पेशींना सोन्याचे कण दिले आणि ते आत गेलेले इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखविले. सोने जड धातू असल्याने इलेक्ट्रॉनांच्या प्रकाशात ते काळ्या टिंबासारखे उठून दिसते. १९७१ मध्ये फॉक आणि टेलर यांनी या टिंबांना प्रतिपिंडे जोडली, म्हणजे पेशीत हवे ते प्रथिन नेमके कुठे आहे हे त्या काळ्या ठिपक्यांवरून वाचता येऊ लागले. पेशीचे चित्र काढण्याच्या कामी सोने प्रथम आले ते असे.

सेंट लुइसच्या त्या पेशी ‘हीला’ जातीच्या होत्या. बाल्टिमोर येथील हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय, पाच मुलांच्या मातेच्या गाठीतून त्या १९५१ साली घेतल्या गेल्या. तिला विचारले नव्हते. ती त्याच वर्षी वारली, पेशी मात्र आजही जगभर वाढत आहेत. या विषयावर लिहिताना तिचे नाव न घेणे आम्हाला प्रशस्त वाटत नाही. २००६ साली टोरांटो येथे सुमारे ५० नॅनोमीटरचे सोन्याचे कण पेशी सर्वांत जास्त गिळते, असे सिद्ध झाले, तेही हीला पेशींवरच.

आपल्या महाराष्ट्रात या विद्येची पहिली मोठी मजल पुण्यात मारली गेली. पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि अबसार अहमद यांनी २००१ साली दाखविले, की एक साधी बुरशी सोन्याच्या क्षारापासून सोन्याचे सूक्ष्म कण स्वतः बनविते. त्याहून मौजेची गोष्ट २००४ ची. कोकणात प्रत्येक परसात वाढणारा आपला गवती चहा! त्याच्या पानांचा अर्क सोन्याच्या क्षारात मिसळला असता सोन्याच्या चपट्या त्रिकोणी चकत्या तयार झाल्या. शिव शंकर, बालाप्रसाद अंकमवार प्रभृतींचा हा निबंध ‘नेचर मटेरियल्स’ या नियतकालिकात आला. या त्रिकोणांचा ताल दृश्य प्रकाशाच्या पलीकडील अवरक्त किरणांशी जुळत होता. याचे महत्त्व पुढे कळेल.

२००५ साली याच प्रयोगशाळेने पुणे विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या रमेश भोंडे यांच्या साथीने निराळा प्रश्न विचारला. हे कण पेशीत गेल्यावर तिचे काय होते? उंदराच्या महाभक्षी पेशी, म्हणजे शरीरात शिरलेला परका पदार्थ गिळणाऱ्या पेशी, त्यांनी घेतल्या. सोन्याने त्या पेशी मेल्या नाहीत, दाह उत्पन्न करणारे स्राव वाढले नाहीत. कण पेशीने घोट घ्यावा तसे आत घेतले होते आणि ते केंद्रकाभोवती, लयकारिकांमध्ये, म्हणजे पेशीच्या कचराकुंड्यांमध्ये, जाऊन बसले होते. सोने पेशीत निर्धोकपणे शिरते, हे कळले. पण कचराकुंडीत जाऊन बसलेले सोने तेथून हलणार कसे? ज्याला गंज चढत नाही, जे सडत नाही, असे म्हणून मध्ययुगाने ज्याला डोक्यावर घेतले, त्याचा तोच गुण येथे अडचणीचा ठरला. प्रवेश सोपा निघाला, निर्गमाचा प्रश्न उभा राहिला.

दरम्यान अमेरिकेत ह्यूस्टन येथे नाओमी हॅलास आणि जेनिफर वेस्ट यांनी वाळूच्या जातीच्या सिलिकाच्या गोळीवर सोन्याचे पातळ कवच चढविले होते. कवचाची जाडी कमीजास्त करून त्यांनी त्याचा ताल अवरक्त प्रकाशाशी जुळविला. अंधारात विजेरीवर तळहात ठेवला तर हात लालसर उजळतो, हे प्रत्येक मुलाने पाहिलेले आहे. हिरवा, निळा प्रकाश मांसात अडतो, लाल पलीकडे येतो, आणि लालच्या लगतचा अवरक्त प्रकाश त्याहूनही खोल जातो. तो सुदृढ मांसातून फारसा न तापविता जावा आणि सोने जेथे आहे तेथेच उष्णता व्हावी, ही कल्पना. २००३ साली त्यांनी उंदरांच्या गाठींवर ती खरी करून दाखविली.

आता आमच्या शेजारी येऊ. टाटा मेमोरियल रुग्णालय परळला १९४१ साली उघडले. त्याच परिसरात १९५२ साली डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले. दोन्ही संस्था १९६२ साली अणुऊर्जा विभागाकडे आल्या आणि १९६६ मध्ये एकत्र झाल्या. परळची जागा अपुरी पडू लागल्यावर संशोधन संस्था २००२ साली खारघरला आली. तिचे नाव लांबलचक आहे, लोक तिला ‘ॲक्ट्रेक’ किंवा नुसते ‘टाटा’ म्हणतात. सिडकोने शहर वसविण्यापूर्वी येथे बेलपाडा, मुर्बी, कोपरा, ओवे अशी आगरी-कोळी गावे आणि भातशेती होती. २०२३ पासून मेट्रोच्या एका स्थानकालाही बेलपाड्याचे नाव आहे. बिहार-बंगालपासून विदर्भापर्यंतचे रुग्ण आणि त्यांचे नातलग हातात फायली घेऊन येथे उतरतात, रस्ता विचारतात.

या केंद्रातील अभिजित डे यांची प्रयोगशाळा शरीरातील पेशींच्या हालचाली प्रतिमांद्वारे पाहण्याचे काम करते. पवईच्या आय.आय.टी.मधील रोहित श्रीवास्तव, रिंती बॅनर्जी आणि त्यांचे विद्यार्थी अरविंद रेंगन यांनी त्या सुमारास एक युक्ती काढली होती. कवचाच्या आत सिलिका ठेवण्याऐवजी त्यांनी स्निग्ध पदार्थाचा बुडबुडा ठेवला. पेशीचे आवरण ज्या जातीच्या स्निग्ध पदार्थाचे असते त्याच जातीचा हा बुडबुडा, त्यावर सोन्याचा मुलामा. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात हे कण १५० ते २०० नॅनोमीटरचे होते. अवरक्त लेसर दहा मिनिटांहून अधिक काळ त्यांवर धरला असता ते फुटून सुमारे ५ नॅनोमीटरचे बारीक कण उरले. या आकड्यात सारे मर्म आहे. बॉस्टनच्या संशोधकांनी २००७ साली दाखविले होते, की साडेपाच नॅनोमीटरहून लहान कणच मूत्रपिंडाच्या गाळणीतून झपाट्याने बाहेर पडतात. मोठे कण यकृतात आणि प्लीहेत साठून राहतात. पवईच्या संशोधकांनी सोने आत कसे न्यावे याबरोबरच ते बाहेर कसे पडेल, हे आधी योजून ठेवले होते.

पवई आणि खारघर यांचा एकत्रित निबंध २०१५ साली ‘नॅनो लेटर्स’मध्ये आला. उंदरांच्या शरीरात हे कण यकृताच्या पेशींत विघटित झाले आणि पित्तमार्गाने व मूत्रमार्गाने बाहेर पडले. मानवी कर्करोगाच्या गाठी वाढविलेल्या उंदरांवर ७५० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर टाकला असता गाठ पूर्णपणे नष्ट झाली आणि ते उंदीर रोगाविना अधिक काळ जगले.

हे वाचून ज्यांच्या घरी रुग्ण आहे त्यांचे हृदय उचंबळून येईल, हे आम्ही जाणतो, म्हणून पुढील गोष्टी स्पष्ट लिहितो. हे उंदरांवरील प्रयोग होते. टोरांटोच्या वॉरेन चॅन यांच्या गटाने २०१६ साली दहा वर्षांतील प्रसिद्ध प्रयोगांचा हिशेब मांडला, तेव्हा शरीरात सोडलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोहोचणारे प्रमाण शेकडा ०.७ च्या आसपास निघाले. बाकीचे वाटेतच अडतात. माणसांवरील मोजका अनुभव आहे तो ह्यूस्टनच्या सिलिका-कवचांचा. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाच्या १६ रुग्णांवर त्यांचा प्रयोग झाला, १५ जणांवर उपचार नियोजनाप्रमाणे पार पडला, आणि तो अहवाल २०१९ साली आला. सोळा माणसे म्हणजे आरंभ आहे. प्रयोगशाळेपासून रुग्णाच्या खाटेपर्यंतची वाट आपल्याकडे चालून जाता येत नाही, असेही नाही. पवईची आय.आय.टी. आणि टाटा केंद्र यांनीच रुग्णाच्या पांढऱ्या पेशींत बदल करून त्या रक्ताच्या कर्करोगावर वापरण्याचा उपचार सिद्ध केला. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ४ एप्रिल २०२४ रोजी त्याचा आरंभ झाला. सोन्याच्या बुडबुड्याचा निराळा प्रवास आहे, त्याला स्वतःच्या पायऱ्या चढाव्या लागतील.

तोवर बाजार मात्र थांबत नाही. रुग्णाच्या तैलाभ्यंगासाठी घरी गेलो असता उशाशी ‘नॅनो गोल्ड’ लिहिलेली बाटली आमच्या नजरेस पडते, तिच्यासाठी कोणीतरी बांगड्या गहाण टाकल्याचे कानावर येते, आणि त्या बाटलीच्या भरवशावर केमोथेरपीची तारीख चुकविली असेल तर दुःख अनावर होते. पोप योहान यांचे १३१७ चे आज्ञापत्र आम्हाला त्या वेळी आठवते. बाटलीतील लाल पाणी फॅरडेंच्या पाण्याहून निराळे असण्याचे कारण नाही. ते प्यायलेले सोने गाठ ओळखीत नाही, आणि बाहेरून लेसर टाकल्याशिवाय तापतही नाही.

ज्यांना नव्या उपचाराच्या प्रयोगात भाग घेण्याविषयी कोणी सुचविले असेल, त्यांनी त्याची नोंद मागावी. भारतात माणसांवरील औषधप्रयोगांची सार्वजनिक नोंदवही, ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’, २००७ साली सुरू झाली आणि २००९ पासून तेथे नोंद करणे बंधनकारक आहे. प्रयोगाचा क्रमांक, रुग्णालयाचे नाव, जबाबदार डॉक्टर, किती रुग्ण घेणार आणि काय तपासणार, हे सारे तेथे कोणालाही विनामूल्य पाहता येते. इंग्रजीची अडचण असेल तर धर्मग्रामातील एखाद्या शिकलेल्या मुलाला शेजारी बसवून ते वाचून घ्यावे, आणि तो क्रमांक कागदावर लिहून घेऊन पुढच्या भेटीत आपल्या डॉक्टरांसमोर ठेवावा.